मोटार फिरते, पण पाणी चढत नाही: विहिरीवरच्या पंपाचा पुन्हा पुन्हा उद्भवणारा बिघाड

विहिरीच्या कट्ट्यावर बसवलेली एक अश्वशक्तीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकाच घडणीत असलेली) मोटार सकाळी सुरू केल्यावर नेहमीच्या आवाजात फिरते, पण टाकीत पाणी पडत नाही. नरसाळ्यातून एक-दोन बादल्या पाणी ओतले की ती पाणी उचलते, दिवसभर नीट चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार होतो. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या खालच्या टोकाची पाणी धरून ठेवणारी झडप, बदलला की महिना-दीड महिना सुखाचा जातो आणि मग दुखणे उलटते. आमच्या घरी हे तीन वर्षे चालले आणि त्या काळात आम्ही चार फूट व्हॉल्व्ह बदलले. शेवटी कारण सापडले तेव्हा लक्षात आले की दोष एक नव्हता, दोन होते, आणि आम्ही दर वेळी त्यांपैकी एकच दूर करत होतो. ज्यांच्या घरी हाच त्रास आहे त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून सर्व काही क्रमाने लिहीत आहे.

आमचे घर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, राकसकोपच्या बाजूला आहे. माझे माहेर चंदगड तालुक्यातले, म्हणजे सीमेच्या पलीकडचे. मामंजी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत आणि माझे यजमान सध्या सेवेत आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे आमच्या भागात घराआड एक फौजी आहे, आणि अशा घरांत दुरुस्तीची कामे कशी होतात हे समजून घेतल्याशिवाय आमची चूक नीट कळणार नाही. घरचा कर्ता माणूस वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा घेऊन, तीही तुकड्यातुकड्यांनी, घरी येतो. आल्या दिवशीच सासूबाई कामांची यादी सांगतात आणि रजा संपायच्या आत सगळे उरकायचे असते. त्यामुळे बिघाड शोधत बसण्यापेक्षा संशयित भाग काढून नवा बसवणे सोयीचे वाटते. तो बसवून माणूस परत जातो, आणि बिघाड उलटतो तेव्हा घरात पाहायला आम्ही दोघी आणि सत्तरीचे मामंजी एवढेच असतो.

यजमानांच्या नोकरीमुळे मी नऊ वर्षे निरनिराळ्या छावण्यांतल्या क्वार्टर्समध्ये राहिले. तिथे नळ गळला की एमईएसच्या (लष्कराच्या बांधकाम आणि देखभाल खात्याच्या) तक्रार वहीत नोंद करायची आणि माणसाची वाट पाहायची, एवढेच आमचे काम असे. मात्र क्वार्टर ताब्यात घेताना आणि सोडताना होणाऱ्या मार्चिंग इन आणि मार्चिंग आउटमुळे एक शिस्त अंगी बाणली. त्या दिवशी दारापासून सुरुवात करून प्रत्येक कडी, प्रत्येक नळ, प्रत्येक होल्डर यादीशी ताडून पाहायचा असतो आणि जो पाहिला नाही तो ठीक आहे असे लिहायचे नसते. मोटारीच्या बाबतीत आम्ही नेमके हेच केले नव्हते. विहिरीच्या तळापासून टाकीच्या तोंडापर्यंत एकेक सांधा क्रमाने पाहण्याऐवजी आम्ही थेट तळाशी गेलो.

तीन वर्षांत काय काय केले

पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात विहिरीचे पाणी खाली गेले, म्हणून यजमानांनी सक्शन पाइप, म्हणजे विहिरीतून मोटारीकडे पाणी आणणारा पाइप, चार फुटांनी वाढवला. तेव्हा फूट व्हॉल्व्ह विहिरीच्या तळापासून जेमतेम वीतभर उंचीवर आला. पाइप वाढवताना मोटारीच्या तोंडाशी असलेला प्लास्टिकचा एल्बो (काटकोनात वळलेला जोड) सोडावा लागला, आणि परत बसवताना तो पाइप पान्याने पुरी ताकद लावून आवळला गेला. ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या मनातही राहिली नाही. उलट, सांधा पक्का बसला याचे समाधान वाटले.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, भाताच्या लावणीची धांदल उडाली आणि त्याच सुमाराला मोटारीने रात्रीतून पाणी सोडायला, म्हणजे पाइपातले पाणी विहिरीत परत उतरायला, सुरुवात केली. फूट व्हॉल्व्ह बदलला; काम झाले. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच, म्हणून दुसरा बसवला. त्या दिवसांत एल्बोखाली कट्ट्यावर हाताच्या पंजाएवढी ओल कायम असायची आणि तिथे हिरवे शेवाळ धरले होते. थेंब-थेंब गळते एवढेच आम्ही धरून चाललो, कारण पाणी तर टाकीत पोहोचत होते. दुसऱ्या वर्षी एका जाणत्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मोटारीच्या डिलिव्हरीच्या, म्हणजे टाकीकडे पाणी जाते त्या बाजूला, नरसाळ्याच्या वर, एनआरव्ही म्हणजे पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवला. तो बसवताच एल्बोखालची ओल वाळली आणि शेवाळही सुकून गेले. गळती थांबली असे आम्ही समजलो. वास्तविक त्या दिवसापासून गळती दिसेनाशी झाली होती, आणि त्यामुळेच पुढचे दीड वर्ष आम्ही त्या एल्बोकडे पाहिलेही नाही.

तिसऱ्या वर्षी तालुक्याच्या गावाहून एक मिस्त्री आणले. ते कन्नडभाषक होते आणि मामंजी त्या दिवशी पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले होते. मिस्त्रींनी मोटार चालवून पाहिली, टाकीवर जाऊन पाणी कसे पडते ते पाहिले आणि खाली येऊन मला दोन-तीनदा 'गाळी, गाळी' असे सांगितले. मला कन्नड येत नाही. विहिरीत गाळ आहे असे ते म्हणत आहेत असे मी समजले आणि मान डोलावली. त्यांनाही मला समजले असे वाटले. चार दिवसांनी माणसे लावून आम्ही विहिरीतला गाळ उपसून घेतला. संध्याकाळी जेवताना मी मामंजींना मिस्त्रींचे शब्द जसेच्या तसे सांगितले तेव्हा ते घास हातात धरून थांबले आणि म्हणाले, "सूनबाई, कन्नडमध्ये गाळी म्हणजे वारा, हवा. मोटार हवा ओढते आहे असे सांगत होते ते."

गाळ काढणे वाया गेले नाही, कारण गाळही खराच होता. पण हवेचा मुद्दा आमच्या हाती लागला तो असा. सीमाभागात दोन भाषांतल्या माणसांनी मिळून काम करायचे असते तेव्हा कारागिराने सांगितलेले निदान त्याच वेळी, वस्तूवर बोट ठेवून, दोघांच्या भाषेत पडताळून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

वही आणि गोणपाटाची पिशवी

मामंजींच्या काळ्या ट्रंकेत, ज्यावर त्यांचा नंबर आणि पलटणीचे नाव पांढऱ्या रंगात अजून वाचता येते, घराच्या दुरुस्त्यांची एक जाड वही असते. काय बिघडले, काय बदलले, किती पैसे लागले आणि कोणी काम केले, हे तारखेसह लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्या रात्री आम्ही मोटारीच्या सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवून घेतल्या. चारही फूट व्हॉल्व्ह जून ते सप्टेंबर या काळात बदललेले होते. नोव्हेंबर ते मे या काळातली एकही नोंद नव्हती. व्हॉल्व्हचा माल निकृष्ट असता तर तो वर्षातल्या कोणत्याही महिन्यात गेला असता. पावसाळ्यातच जातो, याचा अर्थ पावसाचे पाणी विहिरीत काहीतरी आणते आणि ते व्हॉल्व्हमध्ये अडकते.

मामंजी काढलेला सुटा भागही टाकून देत नाहीत. चारही जुने फूट व्हॉल्व्ह गोणपाटाच्या पिशवीत, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी बांधून ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत पोते पसरून आम्ही ते एकेक करून उघडले. पहिल्याच्या झडपेखाली फणसाच्या पानाचा देठ आडवा अडकला होता आणि त्याच्या टोकाला जांभ्याचे मिरीएवढे दोन खडे होते. रबरी वायसरवर त्या खड्यांचा चंद्रकोरीसारखा वळ उमटला होता, पण वायसर फाटला नव्हता. देठ काढून, झडप ब्रशने घासून, व्हॉल्व्ह जसा विहिरीत असतो तसा उभा धरून वरून तांब्याभर पाणी ओतले तर खाली थेंबही आला नाही. चारांपैकी तिघांची हीच गत होती. फक्त एकाचा वायसर खरोखर चिरला होता, आणि तो बदलायला नव्या व्हॉल्व्हच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी खर्च आला असता. आमच्याकडचे शेतकरी फूट व्हॉल्व्हला 'फुटबॉल' म्हणतात आणि मोटारीने पाणी सोडले की 'फुटबॉल गेला' हेच वाक्य सगळ्यांच्या तोंडी असते. आम्हीही ते तपासून न पाहता मान्य केले होते.

पाणी खाली का जाते

मोटार पाणी ओढते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती आपल्या तोंडाशी दाब कमी करते आणि विहिरीतल्या पाण्यावर असलेला वातावरणाचा दाब ते पाणी वर ढकलतो. मोटारीच्या पंख्याला म्हणजे इम्पेलरला हवा ढकलता येत नाही, म्हणून विहिरीपासून पंख्यापर्यंत पाण्याची अखंड दांडी उभी असावी लागते. मोटार बंद असताना ही दांडी धरून ठेवणे हे फूट व्हॉल्व्हचे काम.

आता झडपेखाली काडी अडकली आणि व्हॉल्व्ह थोडासा गळू लागला असे समजा. डिलिव्हरीवर एनआरव्ही नसेल, तर टाकीकडच्या पाइपातून हवा मागे येते आणि रात्रीतून सगळे पाणी विहिरीत उतरते. एनआरव्ही असेल आणि बाकी सगळे सांधे हवाबंद असतील, तर किंचित गळणाऱ्या व्हॉल्व्हवरही पाणी फारसे खाली जात नाही. भरलेल्या नळीच्या वरच्या तोंडावर बोट दाबून धरले की पाणी आत टिकून राहते, तसेच ते टिकते. पण वरच्या बाजूला केसाएवढी जरी फट असली तर तिथून हवा आत शिरते आणि दांडी कोसळते. आमच्याकडे नेमके हेच घडत होते. नवा फूट व्हॉल्व्ह बसवला की एल्बोतल्या फटीचे काही चालत नसे, कारण पाणी खालून पूर्ण अडवलेले असे. पावसाने काडीकचरा आणला, व्हॉल्व्ह थोडा गळू लागला, की ती फट आपले काम करी.

ओलीचेही कोडे यातच सुटते. एनआरव्ही बसवण्यापूर्वी मोटार बंद केली की टाकीकडच्या पाइपातल्या पाण्याचा भार एल्बोवर येई आणि फटीतून पाणी बाहेर झिरपे. एनआरव्ही बसल्यावर तो भार वरच अडला आणि एल्बोच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहू लागला. मग पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाऊ लागली. सक्शनच्या बाजूचा सांधा कोरडा दिसतो म्हणून तो चांगला आहे असे कधीही धरू नये.

तपासणी, कोणताही भाग सोडण्यापूर्वी

सर्वप्रथम मेन स्विच बंद करावा आणि कोणी चुकून चालू करू नये म्हणून त्यावर पाटी लावावी. मामंजींनी आमच्या स्विचसाठी पुठ्ठ्याची लाल पाटी करून ठेवली आहे आणि ती लागल्याशिवाय ते कुणाला कट्ट्यावर चढू देत नाहीत.

मग पाणी मोजून ओतावे. सव्वा इंची पाइपात २२ फूट लांबीला साधारण सहा-साडेसहा लिटर पाणी मावते आणि पंपाच्या पोटात आणखी एखाद-दोन लिटर. आमच्या जुन्या सवयीप्रमाणे आम्ही दोन मोठ्या बादल्या, म्हणजे तीसेक लिटर ओतत होतो आणि ते जाते कुठे असा प्रश्न आम्हाला पडला नाही. पाइपाच्या मापापेक्षा खूप जास्त पाणी लागत असेल तर ओतता ओतताच ते खालून निसटते आहे, आणि त्या वेळी फूट व्हॉल्व्ह निश्चितपणे गळतो आहे. नरसाळे काठोकाठ भरले तर पुढे जावे.

भरल्यावर सक्शनचा प्रत्येक सांधा फडक्याने कोरडा पुसावा आणि त्याभोवती वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधावी. नरसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी आणि अर्धा तास थांबावे. पाणी उतरले नाही तर दांडी टिकते आहे. पाणी उतरले आणि एखादी पट्टी भिजली तर तो सांधा दोषी आहे, कारण नरसाळे भरलेले असताना आतले पाणी बाहेर येऊ पाहते. पाणी उतरले आणि सगळ्या पट्ट्या कोरड्या राहिल्या तर फूट व्हॉल्व्ह किंवा पाण्याखालचा सांधा दोषी आहे. आमच्या तपासणीत दोन्ही खुणा एकाच वेळी दिसल्या: पाणी दहा मिनिटांत चार बोटे उतरले आणि एल्बोवरची पट्टी खालच्या कडेने काळपट ओली झाली. त्या पट्टीकडे पाहताना तीन वर्षांचा मनस्ताप डोळ्यांपुढून गेला.

खात्री करण्यासाठी दुसरी परीक्षा मोटार चालू असताना करावी. साबणाचा घट्ट फेस सांध्यावर चोपडला तर हवा ओढणाऱ्या जागी तो आत खेचला जातो आणि तिथे खड्डा पडतो. पेटवलेली उदबत्ती जवळ धरली तर धूर सांध्याकडे वळतो. मात्र वारा असेल तर या परीक्षेवर विसंबू नये. फट सापडल्यावर तिथे ओले फडके घट्ट गुंडाळून पाहावे. आमच्याकडे फडके गुंडाळताच टाकीत थुंकल्यासारखे अडखळत पडणारे, दुधाळ दिसणारे पाणी एकसंध धारेने पडू लागले. मिस्त्रींनी टाकीवर चढून हेच पाहिले होते आणि म्हणूनच त्यांना निदान इतक्या लवकर करता आले.

दुरुस्ती, आणि घरच्या घरी करताना झालेल्या चुका

एल्बो काढल्यावर आटे असलेल्या तोंडावर नखाला जाणवेल न जाणवेल इतकी बारीक उभी चीर दिसली. पाइप पान्याने आवळल्यामुळे लोखंडी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड तुकडा) पाचरीसारखे आत गेले आणि प्लास्टिक तडकले. फौजी घरात ताकदवान हात आणि चांगली हत्यारे दोन्ही असतात, आणि या कामात तीच गोष्ट नडते. प्लास्टिकचा आट्यांचा सांधा हाताने बसेल तितका फिरवावा आणि पान्याने त्यावर एखादा फेराच द्यावा. बाकीचे काम टेफ्लॉन टेपचे आहे. टेप आटे ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने, म्हणजे आट्यांचे तोंड आपल्याकडे असताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप सांधा फिरवताना उलगडून गोळा होते आणि फट तशीच राहते. आमच्या जुन्या सांध्यातून अशी गोळा झालेली टेप निघाली. लोखंडी निपलला प्लास्टिक जोडायचे असेल तर पितळी आटे बसवलेला एल्बो घ्यावा. तो थोडा महाग पडतो, पण तडकत नाही.

सोल्युशनने चिकटवायच्या सांध्यांबाबत दुसरी चूक झाली होती. पाण्याची निकड होती म्हणून ओल्या पाइपालाच सोल्युशन लावून अर्ध्या तासात मोटार चालू केली होती. पाइप पूर्ण वाळवून, टोक कानशीने साफ करून, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, थोडे फिरवत आत दाबावे आणि निदान एक रात्र हात लावू नये. त्या दिवसाचे पाणी आदल्या रात्री भरून ठेवावे, म्हणजे घाई होत नाही.

तिसरी गोष्ट पाइपाच्या उताराची. विहिरीपासून मोटारीपर्यंतचा आडवा पाइप मोटारीकडे सतत चढता असावा. आमच्याकडे मधल्या टेकूचा दगड उंच झाला होता, त्यामुळे पाइपाला मध्येच कुबड आले होते आणि तिथे हवा साठत होती. तो दगड काढून पाइप सरळ केला. सक्शनचा पाइप मोटारीच्या तोंडापेक्षा लहान मापाचा कधीही घालू नये. एकदा दुकानात सव्वा इंची मिळाला नाही म्हणून एक इंची तुकडा जोडला होता, तोही या वेळी बदलला.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पाणी नसताना मोटार चालू ठेवणे. पंपातले पाणीच मेकॅनिकल सीलला, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या हवाबंद कड्याला, थंड ठेवते. कोरडी मोटार काही मिनिटे फिरली तरी सील करपते आणि मग तिथूनही हवा शिरू लागते. एका मिनिटात पाणी आले नाही तर मोटार बंद करावी, हा नियम आम्ही मुलांनाही शिकवला आहे.

एल्बो बदलल्यावर फूट व्हॉल्व्ह तळापासून तीन फूट वर घेतला. तो तळापासून दोन फुटांपेक्षा खाली असू नये आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली निदान दोन फूट बुडालेला असावा, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. या दोन मर्यादा एकाच वेळी पाळायच्या असल्यामुळे वर्षातून दोनदा पाइपाची लांबी बदलावी लागते, आणि आम्ही मेमध्ये वाढवलेला पाइप जूनमध्ये पुन्हा कमी केला नाही, हे या सगळ्याचे मूळ होते. आता मोटारीजवळ युनियन, म्हणजे पाइप न फिरवता सोडता येणारा जोड, बसवला आहे, त्यामुळे चार फुटांचा तुकडा एल्बोला हात न लावता काढता-घालता येतो. विहिरीवर बारीक जाळी ताणली आहे आणि कट्ट्याभोवती पावसाचे लाल पाणी वळवायला चर खणला आहे.

उन्हाळ्यातला प्रश्न वेगळा आहे

ज्यांची मोटार फक्त एप्रिल-मेमध्ये पाणी सोडते त्यांनी सांधे तपासण्यापूर्वी विहिरीत दोरी सोडून पातळी मोजावी. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाण्याची साधारण १०.३ मीटर उंच दांडी पेलू शकतो. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे तो आकडा साडेनऊ मीटरपाशी येतो, आणि पाइपातले घर्षण, पाण्याची वाफ व पंपाची गरज वजा जाता प्रत्यक्षात सहा-सात मीटर, म्हणजे २० ते २२ फूट एवढेच पाणी अशा मोटारीने भरवशाने उचलले जाते. पाणी त्याखाली गेले असेल तर जास्त अश्वशक्तीची मोटार आणूनही उपयोग होत नाही, कारण ही मर्यादा हवेच्या दाबाची आहे. मोटारच खाली, विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर, पाण्याची उच्च पातळी लक्षात घेऊन उतरवावी किंवा पाण्यात बुडणारा सबमर्सिबल पंप घ्यावा.

शेतातल्या थ्री-फेज मोटारींबाबत एवढेच सांगते की लाइनचे काम झाल्यानंतर अचानक पाणी कमी झाले तर मोटार उलटी फिरत नाही ना ते आधी पाहावे. तीनपैकी कोणत्याही दोन फेजची अदलाबदल केली की दिशा सुधारते, पण ते काम वायरमनकडूनच करून घ्यावे. घरची सिंगल-फेज मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर तो बहुधा कंडेन्सरचा किंवा कमी दाबाच्या विजेचा प्रश्न असतो, सक्शनचा नाही.

विहिरीत उतरण्याबद्दल मात्र कळकळीने लिहिते. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोर धरायला निदान दोन माणसे असल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये. बंदिस्त विहिरीत गाळ ढवळल्यावर प्राणवायू कमी होऊ शकतो आणि डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन आत उतरवले तर त्याचा धूर जीव घेतो. आत माणूस कोसळला तर त्याला वाचवायला दुसऱ्याने तसेच खाली उडी घेऊ नये. असे एकामागोमाग एक जीव जातात. मोटारीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह आपोआप तोडणारा स्विच) असलीच पाहिजे, कारण कट्टा नेहमी ओला असतो आणि आपण बहुधा अनवाणी असतो. काम झाल्यावर ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम या हिशेबाने, बादलीत कालवून गाळ खाली बसल्यावर वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि निदान तासभर पाणी वापरू नये.

दुरुस्ती होऊन दोन पावसाळे गेले. यजमान मागच्या रजेवर आले तेव्हा मामंजींनी त्यांना आधी वही वाचायला दिली आणि मग दोघे मिळून कट्ट्यावर गेले. या जूनच्या पहिल्या आठवड्यात चार फुटांचा तुकडा काढून पडवीत टांगला आणि व्हॉल्व्हची जाळी घासून परत बसवली. नरसाळ्यावरची खडूची खूण अर्ध्या तासाने जिथल्या तिथे होती. त्या दिवशीच्या नोंदीपुढे मामंजींनी वेळ लिहिली आहे, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे, पाणी ओतावे लागले नाही.